चार दारं

शेवटची क्लिप सुटली आणि पुढच्या डाव्या दाराचं आतलं पॅनल स्नेहलच्या हातात आलं. हात टेकायच्या जागेखाली वीतभर लांब तडा होता, त्याला तीन बारीक फांद्या फुटलेल्या.

"पंधरा वर्षं झाली गाडीला," चारुदत्त सर म्हणाले. "सीओईच्या परवान्याची मुदत वाढवून मिळाली. प्लॅस्टिकची कुठून वाढवायची?" स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. कॉन्डोच्या बेसमेंटमध्ये ते हसू जरा जास्तच घुमलं.

स्नेहलने पॅनलच्या मागे चिकटपट्टी लावली आणि मार्करने आकडा घातला. सरांची मुलगी अनुया आइस्ड मायलो पीत बघत होती.

"ताई, दारं तर चारच आहेत. नाइन कुठून आलं?"

"एक आहे तो. मराठीत."

"बाबांसारखंच लिहितेस तू, ताई. ओल्ड स्कूल."

"मी नाही हो तसलं काही लिहीत," सर म्हणाले. "मुळात मी लिहितच नाही. लिहायला माणसं असतात."

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी बुओना व्हिस्टातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत स्नेहलने जुन्या प्लॅस्टिकचे तडे सांधणारी राळ तयार केली होती. आईच्या ऑपरेशनसाठी ती दोन आठवडे रजेवर गेली, आणि कॉफीचे गोल डाग पडलेली तिची वही टेबलावरच राहिली. वर्षभराने त्या राळेवरचा पेपर छापून आला. त्यावर दोन नावं होती, चारुदत्त आणि अनुया. अनुयाला युनिव्हर्सिटीत प्रवेश हवा होता.

स्नेहलने विचारलं, तेव्हा सर शांतपणे म्हणाले होते, "तुझा हात चांगला आहे. पण पेपरवर नाव डोक्याचं लागतं."

तिने नोकरी सोडली. ते वाक्य सोडलं नाही.

आता शनिवारी नीलिमा येणार होती. जुन्या गाड्या आतून नव्या करून देणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. सरांची राळ घ्यायची की नाही, हे ती सरांच्याच गाडीवरून ठरवणार होती. सरांना हाताची गरज पडली आणि त्यांना स्नेहल आठवली. तिनेही लगेच हो म्हटलं.

"पेपरप्रमाणेच कर हं," सर म्हणाले. "तुझं शहाणपण नको. आणि नोंद ठेव, नीलिमा मागेल."

"बरं, सर."

बेडोकच्या फ्लॅटमध्ये तिने चारही पॅनल वर्तमानपत्रांवर पालथी मांडली. तिची आई, लीलाबाई, दारात उभी राहून बघत होती.

"ज्याने तुझं नाव खाल्लं, त्याची गाडी तू नीट करून देणार?"

"त्यांनी सांगितलंय अगदी तशी, आई."

"मला तर हातोडा मारावासा वाटतो."

"हातोड्याने काय होणार? नवं पॅनल आणतील."

प्रत्येक तड्याच्या टोकाला तिने बारीक भोक पाडलं. टोक गोल झालं की तडा पुढे सरकत नाही. मागून काचधाग्याचं कापड कापून बसवलं. मग वाटीत दहा ग्रॅम राळ मोजली आणि ती घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली उचलली.

चार थेंबांनी राळ सावकाश बसते आणि चिवट होते. दाराचा दणका पचवते. जास्त झाले तर झटकन बसते, चकचकीत दिसते, पण उन्हात तापली की काचेसारखी होते. तिच्याइतकं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौथा थेंब पडला. तिचा हात थांबला नाही. पाच. सहा. सात. आठ.

"हसतेस काय गं?" लीलाबाईंनी विचारलं.

"काही नाही. मोजतेय."

शनिवारी गाडी उघड्या पार्किंगमध्ये तासभर उन्हात उभी होती. पॅनल आरशासारखी चमकत होती. सरांनी नीलिमाला अदबीने पुढच्या सीटवर बसवलं.

"बघा, नव्यासारखं. दार ओढा ना, बिनधास्त ओढा."

नीलिमाने दार ओढलं. कट् असा आवाज झाला. जुन्या तड्याच्या शेजारून नवा तडा थेट कोपऱ्यापर्यंत गेला. तिने मागचं दार लावून पाहिलं. पुन्हा कट्.

सरांचा चेहरा लाल झाला. "हिने मुद्दाम केलंय! जुना राग आहे हिला माझ्यावर!"

"खरं का?" नीलिमाने विचारलं.

"राग खरा आहे," स्नेहल म्हणाली आणि नोंदीचा कागद तिच्या हातात दिला.

नीलिमाने फोनवर पेपर उघडला. कागद आणि फोन शेजारी धरून ती एकेक ओळ बोटाने ताडून बघू लागली.

"दहा ग्रॅमला आठ थेंब. पेपरमध्येही आठच आहेत, सर. हिने तंतोतंत तुमच्यासारखंच केलंय. मग चुकलं काय?"

सरांनी स्नेहलकडे पाहिलं. तिने पिशवीतून वही काढली, एक पान उघडलं आणि बॉनेटवर ठेवलं. वर तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि तिची सही, कोपऱ्यात कॉफीचा गोल डाग.

सरांसोबत आलेली अनुया वाकून बघू लागली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हेच ते पेज! बाबा, तुम्ही फोटो पाठवला होता ना? मीच टाइप केलं. बघा ना, एट ड्रॉप्स. करेक्ट, लाह!"

नीलिमाने वही उचलून डोळ्यांजवळ धरली.

"आठ नाही गं," ती म्हणाली. "हा मराठीतला चार आहे."