पेपर हुईस्तोवर

बायको गेली, तेव्हा आकारामचा लेक नाथाजी सांगलीला बोर्डिंगात राहून बी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करत होता. "पेपर हुईस्तोवर आई गेल्याचं पोराला कळू देऊ नगा," असं आकारामनं बोर्डिंगच्या सुपरिंटेंडंटांचे पाय धरून सांगितलं. तेही कबूल झाले. गावानंही तोंड शिवून घेतलं.

पण लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं रोज सकाळी नाथाजीचा डबा जायचा, तो चुकवून कसं चालेल? आकाराम स्वतःच चुलीपुढं बसला. भाकरी जाड व्हायची, कडेनं फाटायची, कधी करपायची. बायकोच्याच फडक्यात ती बांधून तो ड्रायव्हरच्या हातात द्यायचा.

सांजच्याला ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन यायचा आणि निरोप सांगायचा, "नाना, नाथाजी म्हणालाय, आईला सांगा, भाकरी लय झ्याक झाल्ती." आकाराम डबा राखेनं घासायला घ्यायचा.

शेवटचा पेपर झाला. आता पोराला सांगायचं कसं, ह्या विचारात आकाराम मोटारीच्या थांब्यावर उभा राहिला. नाथाजी उतरला आणि बापाच्या पाया पडायला वाकला. तशी डोक्याला सैल झालेली त्याची टोपी खाली पडली.



चकोट केलेल्या डोक्यावर केस पुन्हा फुटायला लागले होते.