वीतभर वाकडं

"दुसरीचा टाका उसवायचा तर तिच्यासमोर उसवावा गं. पाठीमागं उसवणं म्हणजे चोरी." सासूबाई हे सांगून देवाघरी गेल्या. आणि भाग्यश्री गेले तीन महिने रोज तीच चोरी करत होती.

कडावच्या समाजमंदिरात दुपारी बायका गोधड्या शिवायला जमत. मोतीबाई सगळ्यांत वयस्क. सगळ्यांना तिनंच शिकवलेलं. पण हल्ली तिचे टाके वाकडे जाऊ लागले होते. रोज वीतभर. ना कमी, ना जास्त.

"म्हातारीला सुईचं भोक दिसतंय, टाका तेवढा दिसत नाय," कोंडी हसायची.

"तू गप गं! तुझ्या टाक्यातनं मांजर जाईल आरपार," मोतीबाई तिला सुनवायची.

समाजमंदिराची किल्ली भाग्यश्रीकडे असे. बायका गेल्या की ती मोतीबाईची गोधडी घरी न्यायची. दिवाबत्ती झाली की वाकडी ओळ उसवायची, सरळ घालायची. शेवटच्या टाक्याला डोळे आपोआप मिटायला लागत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गोधडी जागेवर.

"कालचं जमलंय का गं, पोरी?" मोतीबाई विचारायची.

"छान जमलंय, मावशी."

"हात बिघडला तर सांग हां. मी दुसऱ्या दिवशी यायची नाय." मग थांबून, "झोप लागली का?"

"लागली."

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा भाग्यश्रीचा नेम. वैशाखात तिची आठ वर्षांची लेक आरोही तापानं गेली. आदल्या दिवशी दवाखान्यात भाग्यश्री तिला म्हणाली होती, "उद्या घरी जायचं हं आपण." ते खोटं ठरलं, म्हणून हा नेम. आणि आता रोज दुपारी तो मोडत होता.

एकादशीला तुळशीला पाणी घालताना तिचा हात थांबला. देवापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आज सांगायचंच. मावशीनं यायचं सोडलं, तर ते पाप आपल्या माथी. पण सांगायचं.

बायका जमायच्या आधीच ती मोतीबाईच्या घरी गेली. पडवीत कुणी नव्हतं. आतून मोतीबाईच्या सुनेचा, जनीचा आवाज आला.

"आत्या, किती सरळ घातलीत वो ही घरची गोधडी! मंग तिकडं काय व्हतं तुमाला?"

भाग्यश्री दारातच थबकली.

"तिकडं वाकडी घालावी लागते," मोतीबाई म्हणाली. "भाग्यश्रीचा नवरा आलता, विकास. पोर गेल्यापासनं ती रातरातभर भिंतीकडं बघत बसते म्हनला. रडला गं माझ्यापुढं. त्याला सबूद दिलाय, तिचे हात रिकामे ठेवायची नाय म्हून."

आणि सुईदोरा पदराला टोचून मोतीबाई मागच्या दारानं समाजमंदिराकडं निघाली.