दोनशे बारा रोपे

माळावर तीन वर्षांपूर्वी लावलेली कडुलिंबाची दोनशे बारा रोपे आज बरोबर दोनशे बाराच होती. मात्र त्यांतली चाळीस अजून गुडघ्याएवढीच होती.

"शंभर टक्के जगली असं लिहा, मॅडम. हे मुळाशी पुरलेल्या, पाणी झिरपवणाऱ्या मडक्यांचं यश. तुमच्या अहवालावर पुढची दहा गावं ठरणार आहेत," लागवड करणाऱ्या संस्थेचे कार्यवाह म्हणाले. संस्थांना असे अहवाल लिहून देणाऱ्या निलांबरी सबनीस वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या. शंभर टक्के हा आकडा त्यांना कुठल्याच माळावर भेटला नव्हता.

त्या एकट्याच पुन्हा माळावर गेल्या. गावातल्या हौसाबाई एका लहान रोपाला पाणी घालत होत्या. शेजारी लागवडीच्या वेळची पाटी होती : 'रेश्मा, इयत्ता दुसरी'.

"मावशी, हे रोप तीन वर्षांचं नाही."

"शिकलेल्या दिसता!" हौसाबाई हसल्या, मग त्यांचा आवाज उतरला. "पहिलं उन्हाळ्यात वाळलं. लेकीच्या नावाचं झाड वाळलेलं कुणाला बघवतं? दिवस मावळायच्या आत दुसरं लावलं. पण रेश्माचं झाड वाळलं असं कागदावर नका लिहू, ताई."

सबनीसांनी उरलेल्या एकोणचाळीस लहान रोपांच्या पाट्या वाचल्या आणि घरोघर जाऊन विचारले. मग एकाही मुलाचे नाव न घालता त्यांनी अहवालाचा शेवट लिहिला : 'मडकी असूनही चाळीस रोपे वाळली. पाटीवर ज्या मुलाचे नाव होते, त्याच्या आईने प्रत्येक वेळी तिथे दुसरे रोप लावले.'