साठातून उरलेली एक

"रोज माझीच मुलगी कशी उरते, ते मला आज कळलंच पाहिजे," म्हणत आईनं खेळाच्या बाईंना मैदानाच्या फाटकातच गाठलं. बबडी आईच्या पाठीमागे दडली होती.

आईचा स्वभाव मुळातच संशयी. दुधात पाणी असणार, दुकानदारानं काटा मारला असणार, फार गोड बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, हे ती धरूनच चालायची. बबडीला शाळेत सोडतानाही तिची गाडी सुरूच. कुणाच्या बाटलीतलं पाणी पिऊ नकोस, कुणाची टोपी घालू नकोस, अंगावर पुरळबिरळ असलेल्या कुणाला हात लावू नकोस. अशात पोर सारखी घरी येऊन सांगायला लागली, "जोड्या लावल्या की मी एकटी उरते." बाई लाडक्या मुलींना जवळ करतात, याबद्दल आईला मग तिळमात्र शंका उरली नाही.

"उरेल कशी?" बाई चकित झाल्या. "साठ मुली आहेत. एकोणसाठ होत्या तेव्हा होता खरा डोक्याला ताप. दोन-दोन करा, तीन-तीन करा, गट म्हणून जुळायचा नाही. मग ती नवी मुलगी आली आणि सुटले बाई एकदाची."

"आणि एखादी आली नाही तर?"

"तर तिच्या जागी मी खेळते."

"जोड्या तुम्हीच लावता ना?"

"छे हो, त्यांच्या त्या लावतात. मी चेंडू घेऊन येईपर्यंत सगळ्या दोघी-दोघी रांगेत उभ्या असतात."

आई साबणाच्या कारखान्यात खोक्यांचे आराखडे काढायची. साठ म्हणजे तिचा लाडका आकडा. वड्या दोन-दोन लावा, तीन-तीन लावा, चार, पाच, सहा, कशाही लावा, एक वडी बाहेर राहत नाही. इतका समजूतदार आकडा दुसरा नाही, असं ती कामावर येईल त्याला ऐकवायची. साठातून एकच उरली, तर मोजणाऱ्याचं चुकलंय किंवा कुणीतरी लबाडी करतंय.

बाई काही लबाड वाटेनात. आईनं मागे वळून बबडीकडे पाहिलं. जोड्या लावताना एक उरली, तर दुसरीही उरायलाच हवी. आपलीच पोर खोटं बोलतेय की काय? ती बबडीसमोर खाली बसली.

"खरं सांग. तुझ्याबरोबर आणखी कोण उरतं?"

"कुणीच नाही."

"असं होऊच शकत नाही, बबडे. साठ आहात तुम्ही."

बबडी बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. पलीकडे भिंतीपाशी एक मुलगी एकटीच उभी होती. तिनं स्वेटरच्या बाह्या ओढून पार बोटांपर्यंत आणल्या होत्या.

"ती नवी आहे ना," बबडी हळूच म्हणाली, "ती उरत नाही काही. ती रोज माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहते. पण तिच्या हातावर पुरळ आहे. मग मी नाही धरत. तूच सांगितलंयस ना!"