घमेल्याखालचं रोप

"भुईआवळा कुठल्या बांधावरचा आणलास?" सुदामचा चहाचा कप हातातच राहिला.

"विहिरीच्या. काल सांजेला हळद-तांदूळ वाहून, 'उद्या औषधाला ये' म्हणत रोपाला आवतण दिलं आणि आज सकाळी उपटलं," ताकात वाटलेलं औषध वाटीत ओतत यमुना म्हणाली आणि आत लेकीकडे गेली. कावीळ झालेल्या पोरीला दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, तरी आईला हेही द्यायचंच होतं.

गावातले बांध तणनाशक मारून साफ करायचं काम सुदामचंच. विहिरीच्या बांधावर त्यानं कालच अंधार पडेस्तोवर पंप मारला होता. मारलेलं तण लगेच कुठं पिवळं पडतंय? दोन-चार दिवस हिरवंगारच दिसतं.

तो धडपडत आत धावला. पोरीच्या ओठाला लागलेली वाटी त्यानं फटकन उडवली. ताक भिंतीवर गेलं. पोरगी रडायला लागली.

"विषाचा फवारा हाय त्यावर! कालच मारलाय मी!"

"म्हाईत हाय," यमुना म्हणाली. "तुम्ही पंप घेऊन येताना दिसलात, म्हणून रोपावर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवला होता."

सुदामला ते घमेलं आठवलं. कुणाचं राहिलंय म्हणून त्यानं त्याच्यावरनंच नळी फिरवली होती. आणि घमेल्याखालचं सोडलं तर सगळ्या शिवारातल्या बांधांवर भुईआवळ्याचं एकही रोप त्यानं वाचू दिलं नव्हतं.

"आता दुसरं आणतो," तो पुटपुटला.

यमुनेनं हळद-तांदळाची पुडी त्याच्या हातात कोंबली.

"आणा की. आवतण द्यायला कुठल्या बांधावर जाताय, तेवढं सांगून जा."