दांडा छातीपर्यंत

"आई, हे पाह्य. हे चालन का?"

शांतीबाईच्या हातातल्या फोनमध्ये एक फावडं आडवं झालं. लाल प्लास्टिकचं, काठाला पत्र्याची पट्टी लावलेलं. त्याच्या मागे डिंपल, लोकरीच्या टोपीत अर्धी बुडालेली. तिकडे कॅनडात दुकान बंद व्हायला तासभर उरला होता. इकडे सौंदडला नुकतं उजाडलं होतं. उजाडलं म्हणायचं इतकंच. अंगणाच्या पलीकडे धुक्यात काहीच नव्हतं. गाडीचा भोंगा ऐकू आला, तोही झोपेत ऐकल्यासारखा.

"दुपारपासून बर्फ पडून राहिला," डिंपल म्हणाली. "पहाटे पाचले ड्युटीवर निघाचं आहे. गाडी फसली. कोणतं घेऊ, तूच सांग."

शांतीबाईनं बर्फ कधी पाहिला नव्हता. पण बावीस वर्षं तिनं राइस मिलच्या सिमेंटच्या आवारात उकडलेला धान उन्हात पसरला होता आणि ढग दिसला की पळत पळत गोळा केला होता.

"ओला आहे का कोरडा?"

"काय?"

"बर्फ, बाई."

डिंपल हसली. "दुकानातल्या माणसानं बी हेच विचारलं. आता कोरडा आहे. सकाळपर्यंत ओला होईन म्हणते."

"मंग सकाळची वाट पाहू नको. ओला झाला का उचलत नाही. तशी उचलाचंच नाही. उचलणारा दोन दिवसांत खाटेवर पडते. ढकलाचं. मशीन नाही का तिकडं?"

"आहे. पण मले रेटत नाही, जड आहे."

डिंपलनं फोन फिरवला. भिंतीला ओळीनं फावडी टांगलेली. दुकानाच्या काचेबाहेर पांढरं काहीतरी सारखं उतरत होतं. मिलच्या मागे भुसा उडायचा तसं, पण घाई नसल्यासारखं. शांतीबाई बघतच राहिली.

"तो कोपऱ्यातला रुंद पाटा दाखव," ती मग म्हणाली. "हा घे. आमच्या मिलमधी असाच होता. एकानं समोरून दोर ओढाचा, एकानं मांगून दाबाचं. जावई समोर, तू मांगं. अर्ध्या घंट्यात साफ."

फोनमधलं चित्र हललं. छताचे दिवे दिसले, मग डिंपलचा कोट, मग पुन्हा तिचा चेहरा.

"आई, एकटीनं चालवता आलं पाहिजे."

शांतीबाईनं फोन जवळ घेतला. त्यानं मुलगी जवळ येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी घेतला.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

दसऱ्यापासून आजवर कितीतरी रविवार गेले होते. दर रविवारी शांतीबाईनं जावयाचं विचारलं होतं आणि दर रविवारी डिंपलनं "ड्युटीवर आहेत" म्हटलं होतं. काऊन गेला, कुठं गेला, सांगितलं काऊन नाही, सगळं एकदम विचारायचं होतं. डिंपलच्या मागे एक उंच माणूस दोन फावडी काढून घेऊन गेला. भिंतीवर आता थोडीच उरली होती.

"मंग रुंद नको," शांतीबाई म्हणाली. "हातभराचं घे. दांडा उभा कर. छातीपर्यंत येते का?"

"थोडा खाली राहते."

"कंबर वाकन. दुसरं पाह्य."

दुसऱ्याचा दांडा बरोबर छातीशी आला.

"आता ढकलून पाह्य. तिथंच, फरशीवर."

"इथं? लोक पाहून राहिले, आई."

"पाहू दे. हातानं नाही, पोटानं रेट."

फावडं फरशीवर खर्रकन सरकलं. तो आवाज सौंदडच्या ओसरीवर स्वच्छ ऐकू आला.

"हेच," शांतीबाई म्हणाली.

"फोन ठेवू नको," डिंपल म्हणाली.

शांतीबाईनं ठेवला नाही. गाडी दुकानापर्यंत आलीच नव्हती, म्हणून डिंपल फावडं खांद्यावर घेऊन चालत निघाली. फोन तिच्या खिशात गेला, पडद्यावर अंधार झाला. नुसती पावलं ऐकू येत होती, कापसात पाय रुतावा तशी. घरी पोचल्यावर तिनं फोन दारासमोरच्या कट्ट्यावर उभा केला, आणि शांतीबाईला ते अंगण दिसलं. दिव्याखाली पिवळसर, गोल, कुठेच कडा नसलेलं. पायऱ्या नव्हत्या, कुंपण नव्हतं, गाडी म्हणजे एक उंचवटा.

डिंपल जात होती, येत होती. खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. बाहेर धुकं, समोरच्या फोनमध्ये बर्फ, आणि मधे शांतीबाई स्टुलावर. तिचे हात कधी गुडघ्यांवर मागे-पुढे होऊ लागले, तिला कळलं नाही. उकडलेल्या धानाची ऊन वाफ तोंडावर आल्यासारखी वाटली. मिलच्या टिनाखाली पोत्यावर एक लहान मुलगी झोपलेली असायची. तिला ऊन लागू नये म्हणून शांतीबाई धान सोडून मधेमधे पोतं सरकवायची.

"आई!"

डिंपल कट्ट्याशी उभी होती. गाल लाल, तोंडातून वाफ.

"झालं. दारापासून गाडीपर्यंत वाट झाली. माझ्यापुरती बस आहे."

शांतीबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. सरळ, काळी, फावड्याएवढीच रुंद वाट.

"बस नाही," ती म्हणाली. "बाजूनं आणखी एक पट्टा घे."

"कायले?"

"मी आली तं कुठून चालू?"