प्रवाळाची वाटणी

“उलटं धर. बुडाकडून तोडायचं,” ब्रॉनी म्हणाली.

डॅरिलने काचेच्या टाकीतून हिरवं प्रवाळ बाहेर काढलं. ताटाएवढं पसरट, दगडासारखं कडक, कडा तेवढ्या पापडासारख्या. टाउन्सविलच्या त्या घरातल्या बाकी सगळ्याची वाटणी झाली होती. फ्रिज तिला, गाडी त्याला, कुत्राही त्यालाच. एकेका वस्तूवरून दोघं कडाकडा भांडली होती. ब्रॉनी आज दूर दक्षिणेला, थंड हवेच्या बॅलरॅटला, बहिणीकडे कायमची चालली होती.

आठव्या वाढदिवसाला त्यांच्या लेकीने, पिपाने, ते दुकानातून निवडून आणलं होतं, नखाएवढं. “भारी चिवट आहे गं पोरी,” दुकानदार म्हणाला होता. “तू विसरलीस तरी मरायचं नाही हे.” पुढच्या उन्हाळ्यात पिपाच तापाने गेली. प्रवाळ वाढत राहिलं.

“दुखत असेल का रे त्याला?”

“दोन्ही तुकडे जगतात.”

“जगण्याचं नाही विचारलं मी.”

डॅरिलने छिन्नी टेकवून हातोडी मारली. प्रवाळ दुभंगलं. आतला भाग पांढराशुभ्र, जाळीदार होता आणि त्यात काहीतरी गुळगुळीत रुतलेलं होतं. त्याने ते नखाने उकरून तळहातावर घेतलं.

दुधाचा दात.

पडलेला दात रात्री पाण्याच्या पेल्यात ठेवायचा, म्हणजे परी येऊन नेते, असं ब्रॉनीनेच पिपाला सांगितलं होतं. शेवटचा दात मात्र पेल्यात सापडलाच नव्हता.

“पेल्यात परीला पोहता येत नाही, पिपा म्हणाली होती मला,” डॅरिल म्हणाला. “मला वाटलं, थट्टा करतेय.”

तो हसला. ब्रॉनीलाही हसू फुटलं. पिपाला पुरल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकत्र हसत होती. हसता हसता ब्रॉनी फरशीवर खाली बसली आणि ओले हात तोंडावर दाबून हमसू लागली. डॅरिल तिच्याशेजारी बसला. दात त्याच्या मुठीत होता.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

“तू ठेव,” ती म्हणाली.

“नको, तू ने.”

“हरवला तर माझ्याकडून?”

डॅरिल उठला. तिच्या वाट्याच्या तुकड्यावर खळगा होता, त्यात त्याने पाण्यात टिकणारा गोंद भरला, दात बसवला आणि घट्ट होईपर्यंत अंगठ्याने दाबून धरला. मग तुकडा खाऱ्या पाण्याच्या पिशवीत घालून थर्मोकोलच्या डब्यात ठेवला. डबा स्वतः उचलून टॅक्सीपर्यंत नेला आणि तिच्या मांडीवर दिला.

“पोचलीस की आधी टाकीचं पाणी गरम करायला लाव,” तो खिडकीशी वाकून म्हणाला. “कपड्यांची बॅग नंतर उघड.”

“लावते.”

“तिकडे गारठा फार असतो, ब्रॉनी. तिला थंडी सोसत नाही.”